लव्हेंडर दगावते ते मायेने!

फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या जांभळ्या शेतांची छायाचित्रे पाहून आपल्याही गॅलरीत लव्हेंडरची एखादी कुंडी असावी, असे वाटणारे हौशी बागप्रेमी पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. हिवाळ्यात रोपवाटिकेतून आणलेले रोप उन्हाळ्यापर्यंत बऱ्यापैकी तग धरते आणि जुलैत मान टाकते. मग 'आपली हवा त्याला मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो. तो निम्माच खरा आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या गॅलरीतली दोन रोपे गेली ती हवेने नव्हे, रोज सकाळी न चुकता घातलेल्या पाण्याने.

लव्हेंडर हे भूमध्य समुद्राच्या परिसरातील उघड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचे झुडूप. तिकडे पाऊस पडतो तो प्रामुख्याने थंडीत; उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे उकाडा आणि ओल हातात हात घालून येतात. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, तर मुंबईत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. माती सतत ओली राहिली, की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. परिणामी पाने पिवळी पडतात, शेंडे झुकतात. म्हणजेच ओलीने मरणारे रोप थेट तहानलेल्या रोपासारखे दिसते! आपण कळवळून आणखी तांब्याभर पाणी घालतो आणि उरलासुरला जीवही घेतो. म्हणून रोप मलूल दिसताच पाणी न घालता आधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली, तर हात आखडता घ्यावा.

दुसरी चूक निवडीची. रोपवाटिकांत सारीच रोपे 'लव्हेंडर' या एकाच नावाने विकली जातात. अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लिश लव्हेंडरला चांगल्या बहरासाठी खरी थंडी लागते. जम्मू विभागातील भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याऐवजी हेच लव्हेंडर लावले आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'अरोमा मिशन'मुळे त्या लागवडीला बळ मिळाले. पण तिथल्या डोंगरांवर हिवाळ्यात बर्फ पडतो. आपल्या गॅलरीसाठी दातेरी पानांचे फ्रेंच लव्हेंडर अधिक सोशिक. पानाची कड बारीक करवतीसारखी असेल, तर ते हेच, असे समजावे. सुगंध थोडा कापरासारखा आणि इंग्लिश लव्हेंडरइतका गोड नाही, ही तडजोड मात्र स्वीकारावी लागते. बियांपासून रोपे करण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. त्या उगवायला फार वेळ घेतात. न फुललेल्या कोवळ्या फांदीचे बोटभर छाट थंडीच्या सुरुवातीला वाळूत लावले, तर ते सहज मूळ धरतात.

कुंडी मातीचीच हवी, तळाला मोठे भोक असलेली आणि खाली बशी नसलेली. शेणखताचा मोह टाळावा. सुपीक मातीत पाला माजतो, फुले रुसतात. निम्मी बागेची माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, त्यात मूठभर जुने कंपोस्ट, एवढे पुरे. मातीचा सामू ६.५ ते ७.५ च्या आसपास असावा. कोकणातील तांबडी माती आम्लधर्मी असल्याने तिच्यात चिमूटभर चुना मिसळावा. देशावरची काळी माती त्या बाबतीत बरी, पण ती पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळू अधिक लागते. विकतचे रोप बहुधा कोकोपीटमध्ये वाढवलेले असते. कुंडी बदलताना मुळांभोवतीचा तो ओला गोळा हलक्या हाताने मोकळा केला नाही, तर बाहेरची माती कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

रोज किमान सहा तास ऊन हवे. ते नसलेल्या गॅलरीत हा हट्ट करू नये, हे स्पष्टच सांगितलेले बरे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी हलवावी आणि झुडपाच्या आतील दाट, वाळक्या काड्या काढून टाकाव्यात. एप्रिल-मेच्या काहिलीत दुपारची थोडी सावली चालते.

गंमत म्हणजे लव्हेंडरची भावंडे आपल्या मातीतही आहेत. लॅव्हेंड्युला बायपिनाटा ही जात दख्खनच्या माळांवर पावसाळ्यानंतर फुलते, तर सह्याद्रीत आढळणाऱ्या लॅव्हेंड्युला गिब्सोनीला मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव मिळाले आहे. ती रानातून उपटून आणू नयेत, पाहायला जावे.

बहर ओसरल्यावर झुडूप एक तृतीयांश छाटावे. मात्र कात्री हिरव्या भागातच चालवावी, कारण जुन्या लाकडाला सहसा पुन्हा फूट येत नाही. सुकवण्यासाठी फुले हवी असतील, तर तुऱ्यातील निम्म्या कळ्या उमलल्या असताना सकाळी दव वाळल्यावर तुरे कापावेत, जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात उलटी टांगावी. पूर्ण वाळली, की फुले सुती पुरचुंडीत बांधून साड्यांच्या कपाटात ठेवता येतात.