डेक टिकतो तो खालून

भिवंडीत लाकूड स्वस्त मिळतं आणि बागेतला डेक फसतो तो तिथेच. मानकोली-राहनाळ-पूर्णा पट्ट्यातल्या गोदामांतून पाइनची पॅलेट भंगारात निघतात. चार पॅलेट जोडली की झालं, असा सोपा हिशेब. त्यावरचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरं बघून माल पक्का वाटतो. प्रत्यक्षात तो शिक्का एवढंच सांगतो की लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवलंय. कुजण्याबद्दल त्यात काहीच हमी नाही. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. त्याच्या वाटेला जाऊच नये.

घ्यायचा तो साग आणि तोही गाभ्याचा. कडेची पांढरट पट्टी वाळवी आधी खाते. जुन्या घराचं उतरवलेलं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त रंधा मारण्यापूर्वी खिळे तपासून घ्यावेत.

पुढचं सगळं पायाशी. खांब मातीत पुरून भोवती सिमेंट ओतलं की ते वाटीसारखं पाणी धरतं आणि खांब नेमका जमिनीलगत कुजतो. वाड्यातला खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तसाच इथेही करावा. मुरूम लागेपर्यंत खणायचं, काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर निदान चार इंच काढायचा आणि त्यात बसवलेल्या गॅल्व्हनाइज्ड पट्टीत खांब बोल्टने आवळायचा. भातखाचरावर भराव टाकून पाडलेला प्लॉट असेल तर भरावाच्या भरवशावर राहू नये, तो खचतोच.

खांबांवर तुळया, तुळयांवर दोन बाय पाचच्या कड्या सोळा इंचांवर, वर इंचभर जाडीच्या फळ्या: हा उघड्यावरचा कडीपाटच. वाड्यात फळी फळीला भिडवतात, इथे मात्र पाव इंच फट हवी. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, आणि पाणी खाली गळायला वाटही लागते. साध्या खिळ्यांनी सागावर काळे ओघळ उतरतात, स्क्रू स्टेनलेसचेच. खांबांना तिरके आधार दिले नाहीत तर चार माणसं चढताच सांगाडा हलायला लागतो.

सखल भागात आणखी एक काळजी. 26 जुलै 2005 च्या पुरासारखं पाणी चढलं तर लाकूड तरंगतं, म्हणून नुसत्या वजनावर टेकवलेली तुळई चालत नाही. तीही बोल्टनेच बांधावी.

खाली खडी पसरून बाजू मोकळ्या ठेवाव्यात. हवा खेळली पाहिजे, आणि पालापाचोळा साठला तर घोणशीला आयतं घर. व्हार्निश पापुद्रे सोडतं, त्यापेक्षा दिवाळीनंतर लाकूड पूर्ण वाळल्यावर डेकचं तेल चोळावं. त्या तेलात अळशीचं तेल असेल तर ते पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटू शकतात. गोदामांच्या आगी पाहिलेल्या गावात तरी त्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.