'झुर-एन-अर' म्हणजे काय रे भाऊ?

बॅटमॅनचे सगळे सिनेमे बघून झालेत, जोकरवरची मीम्स फॉरवर्ड करून झालीत आणि आता तुम्हाला खरंखुरं कॉमिक वाचायचंय. ग्रुपमधला जाणकार सांगतो, "मग थेट 'बॅटमॅन आर.आय.पी.' वाच. बाप आहे!" तुम्ही वाचायला घेता आणि दहा पानांत डोकं गरगरायला लागतं. बॅटमॅनला मुलगा कधी झाला? हे देशोदेशीचे नकली बॅटमॅन कुठून आले? आणि गॉथमच्या भिंतींवर 'झुर-एन-अर' असं कोण खरडून ठेवतंय? जाणकाराला विचारावं तर तो दया आल्यासारखा बघतो. "अरे, त्यासाठी पन्नासच्या दशकातले अंक वाचलेले लागतात!"

इथेच बरेच जण कॉमिक बंद करतात. तुम्ही करू नका. जाणकाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आधी ही भानगड कशी झाली ते बघू. बॅटमॅन १९३९ साली आला, तेव्हापासून त्याच्या गोष्टी चालूच आहेत. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने अमेरिकेत खळबळ उडवली. कॉमिक्स मुलांना बिघडवतात, असा त्यांचा आरोप होता. त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. खूनखराबा, भयकथा यांवर बंधनं आली. मग रात्री गल्लीबोळांत गुंडांना बडवणाऱ्या माणसाने करायचं काय? तो परग्रहावर जायला लागला. १९५८ च्या ११३ व्या अंकात तो 'झुर-एन-अर' नावाच्या ग्रहावर पोचतो. तिथे लाल-पिवळ्या-जांभळ्या कपड्यांतला त्या ग्रहाचा स्वतःचा बॅटमॅन आहे आणि आपल्या बॅटमॅनला तिथे चक्क सुपरमॅनसारख्या शक्ती मिळतात! त्याआधी १९५५ मध्ये त्याची नक्कल करणारे इंग्लंड, फ्रान्स, इटली अशा ठिकाणचे हिरोही भेटून गेले होते.

पुढे बॅटमॅन पुन्हा गंभीर झाला आणि या गोष्टींची सगळ्यांनाच लाज वाटायला लागली. डीसीने १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इनफिनिट अर्थ्स' या बारा अंकांच्या मालिकेत जुना पसारा आवरायला घेतला, तेव्हा असं बरंच काही 'घडलंच नाही' या खात्यात गेलं. लग्नाच्या अल्बममधून बेलबॉटमवाले फोटो काढून टाकतात, तसं.

२००६ मध्ये स्कॉटिश लेखक ग्रँट मॉरिसन यांनी 'बॅटमॅन' मासिक हाती घेतलं आणि नेमकी उलटी भूमिका घेतली. सगळं घडलं, एकाच माणसाच्या बाबतीत घडलं, वर्षं तेवढी थोडी! आता विचार करा, एवढं सगळं ज्याने भोगलंय त्याच्या डोक्याचं काय झालं असेल? परग्रह, भास, विषारी वायू, ज्याचं स्पष्टीकरण देता येत नाही असं सगळं तो एका काळ्या वहीत लिहून ठेवतो. मुलाचंही तसंच. १९८७ च्या 'सन ऑफ द डीमन'मध्ये बॅटमॅन आणि तालिया यांना मूल होतं, पण पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट कुणी जमेस धरली नव्हती. मॉरिसन यांनी तो धागा उचलला आणि त्यातून डेमियन आला. आगाऊ कार्टं आहे, पण जीव लावतं.

सगळ्यात भारी वापर १९६३ च्या १५६ व्या अंकाचा. त्यात अंतराळवीरांवर एकांताचा काय परिणाम होतो हे तपासायला बॅटमॅन स्वतःवर प्रयोग करू देतो आणि त्याला रॉबिन मेल्याचा भास होतो. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरला त्या गोष्टीत नावसुद्धा नव्हतं. पंचेचाळीस वर्षांनी हाच बिननावाचा डॉक्टर 'आर.आय.पी.'चा खलनायक म्हणून उभा राहतो.

आता महत्त्वाचं. 'झुर-एन-अर' म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही. पण ब्रूस वेनलाही माहीत नाही! हे शब्द सुरुवातीच्या अंकांपासून भिंतींवर दिसत राहतात आणि तो त्यांच्यासमोरून निघून जातो. त्याचा भूतकाळ दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे आणि त्याच्याविरुद्ध वापरला जातोय, हीच तर गोष्ट आहे. म्हणजे जुने अंक न वाचलेला वाचक बॅटमॅनच्या अगदी शेजारी उभा असतो. सगळं पाठ असलेल्या जाणकाराला वेगळी मजा मिळते, पण ही भीती त्याच्या वाट्याला येत नाही. उगाच न्यूनगंड कशाला?

म्हणून कळकळीची विनंती, वाचायच्या आधी फॅन-विकी उघडू नका. प्रत्येक नाव सर्च करत बसलात तर हाती माहिती लागेल, गोष्ट नाही लागणार. आजीला एखाद्या मालिकेचा सातशेवा भाग लावून द्या. आठवड्याभरात कोण कुणाची सावत्र सासू ते तीच तुम्हाला सांगेल. ती काही पहिल्या भागापासून रिव्हिजन करत नाही. दोन-चार भाग 'असेल काहीतरी' म्हणत पुढे जाते. तेवढंच करा.

मात्र 'आर.आय.पी.'पासून सुरुवात करा असं मी म्हणणार नाही, तो सल्ला चुकीचाच आहे. 'बॅटमॅन अँड सन' आणि 'द ब्लॅक ग्लव्ह' आधी वाचा. दुसऱ्यात ते देशोदेशीचे बॅटमॅन एका बेटावर जमतात आणि एकेक मरायला लागतो. जे. एच. विल्यम्स तिसरे यांनी ती पानं अशी काढलीत की निव्वळ चित्रांसाठी दोनदा वाचाल. मग 'आर.आय.पी.', म्हणजे २००८ चे ६७६ ते ६८१ हे अंक. काही पानं कळणार नाहीत, चालेल. त्या तीन विचित्र शब्दांचा उलगडा शेवटच्या अंकात आहे. तो इथे सांगितला तर तुम्ही मला शिव्या घालाल. एवढंच सांगते, त्याचा कुठल्याही ग्रहाशी संबंध नाही. लहानगा ब्रूस आई-बाबांबरोबर सिनेमा बघून बाहेर पडला होता, त्या रात्रीशी आहे.

हे झालं की 'द ब्लॅक केसबुक' मिळवा. डीसीने २००९ मध्ये पन्नास-साठच्या दशकातल्या त्याच जुन्या गोष्टी एकत्र छापल्या, प्रस्तावना मॉरिसन यांचीच. लाल-पिवळा-जांभळा बॅटमॅन आता बघा. आधी भेटला असता तर हसला असतात. आणि मग ६८२ आणि ६८३ हे अंक पुन्हा काढा. त्यांत बॅटमॅनची अख्खी कारकीर्द आठवणींच्या तुकड्यांत झरझर सरकते. पहिल्यांदा वाचताना नुसतीच पळालेली चित्रं या वेळी तुम्हाला थांबवतील.