वारल्यांचा चौक : भिंतीवरून कागदावर

बीडहून कोणत्याहि रस्त्यानें निघा. वाटेंतल्या एखाद्या गांवीं शाळेच्या भिंतीवर, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनीं काढलेलीं माणसें बहुधा दृष्टीस पडतातच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले कीं धड झालें, वर एक टिंब दिलें कीं डोकें झालें. अशी पंचवीसतीस माणसें हातांत हात गुंफून नागमोडी फेर धरतात, आणि मध्यें एक जण लांबलचक वाद्य फुंकीत असतो. तो तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, बांबू व ताडाचें पान यांचा तो केलेला असतो. आपल्या जिल्ह्यांत तो वाजत नाहीं, आणि भिंत रंगविणारांपैकीं पुष्कळांनीं त्याचा सूर कधीं ऐकलाहि नसेल. मग हीं माणसें सह्याद्रि ओलांडून बालाघाटापर्यंत आलीं कशीं?

त्यांचें मूळ घर म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूचीं वारली लोकांचीं खेडीं. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यांत आहे. तेथें कुडाच्या भिंतीला शेणामातीनें सारवून वर गेरू देतात. तांदूळ वाटून त्याचें पांढरें पीठ पाण्यांत कालविलें कीं रंग झाला, आणि बांबूच्या काडीचें टोक चावून मऊ केलें कीं कुंचला झाला. हें चित्र करमणुकीखातर नसे. लग्न ठरलें म्हणजे सवाशिणींनीं घरांतल्या भिंतीवर चौक लिहावयाचा, त्याच्या पोटांत पालघाट देवी बसवावयाची, आणि धवलेरीनें, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रीनें, गाणीं म्हणावयाचीं, अशी रीत. वारली माणूस चित्र 'काढतों' म्हणत नाहीं, 'लिहितों' म्हणतो. आणि हें लिहिणें स्त्रियांचें होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

बिहारांत १९६६-६७ सालीं मोठा दुष्काळ पडला, तेव्हां हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनीं भास्कर कुलकर्णी या चित्रकारास मिथिलेंत धाडलें. तेथील स्त्रियांनीं घरच्या भिंतींवरचीं चित्रें कागदावर उतरावीं व त्यांवर चार पैसे मिळवावे, हा हेतु. दुष्काळ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें १९७२ सालचीं खडी फोडण्याचीं कामें येतात. दुष्काळांत कागद वाटावा ही कल्पना आपणांस विलक्षणच वाटेल! पुढें तेच कुलकर्णी कागद घेऊन वारल्यांकडे आले. कागद आणला होता स्त्रियांकरितां. परंतु त्यावर खरा रमला तो गंजाड गांवचा एक पुरुष, जिव्या सोमा मशे.

जिव्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणींच आई गेली, आणि त्या धक्क्यानें मुलानें बोलणें टाकलें. जें सांगावयाचें तें तो धुळींत बोटानें रेघा ओढून सांगे. असा हात कागदावर आला, तेव्हां चौकाची चौकट गळून पडली. लग्न असो नसो, जिव्या रोज चित्र लिहूं लागले. मासे धरण्याचें जाळें कागदभर पसरावें, एकेक घर केसासारख्या रेषेनें भरावें, मुंग्यांची रांग, भाताची कापणी, सर्व कांहीं त्यांत यावें. भिंतीवरचें पीठ झडून गेलें तरी चालत असे, कारण पुढच्या लग्नाला पुन्हां नवा चौक होई. कागद मात्र टिकावयास हवा, म्हणून रंगांत डिंक आला. पद्धत जुनीच, पण एकदां तिचें प्रयोजन बदललें कीं सामग्रीहि बदलते. १९७५ सालीं मुंबईंत केमोल्ड येथें त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन झालें, १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ सालीं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं, आणि २०११ सालीं ते पद्मश्री झाले. २०१८ च्या मे महिन्यांत ते वारले.

असेंच दूर युक्रेन देशीं घडलें आहे. पेट्रिकिव्का या गांवच्या बायका घराच्या पांढऱ्या भिंती व चूल मांजराच्या केसांच्या कुंचल्यानें फुलापानांनीं रंगवीत. तीच कला पुढें कागदावर व लांकडी डब्यांवर आली. २०१३ सालीं युनेस्कोनें तिला जगाच्या वारशांत स्थान दिलें.

गंजाडांत आतां याहिपुढें मजल गेली आहे. राजेश वांगड यांनीं २०१३ पासून गौरी गिल या छायाचित्रकार बाईंबरोबर काम केलें. बाईंनीं त्या मुलखाचे काळेपांढरे फोटो घ्यावे, आणि वांगडांनीं त्या फोटोंवर बारीक रेषांनीं कॅमेऱ्याला न दिसलेलें लिहावें : त्या जागेच्या गोष्टी, तेथील देव, तेथें पूर्वीं घडलेलें.

या सुधारणेची किंमत कोणीं दिली? माझ्या मतें स्त्रियांनीं. कागद बाजाराकडे निघाला तेव्हां त्यावर बहुतेक पुरुषांचीं नांवें होतीं. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी निनांवीच राहिल्या. दुसरें असें कीं, पेल्यांवर, पिशव्यांवर, साड्यांवर वारली नक्षी छापणारांनीं लिहिणारास कांहीं दिलें असेल असें समजण्याचें कारण नाहीं. वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे तें नांव लावून परक्यानें माल विकूं नये अशी कायद्याची आडकाठी झाली. ती नांवापुरती, त्रिकोणाला कोण कुलूप घालणार?

आपल्या बीड शहराचेंहि नांव जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत एका कसबाकरितां आलें आहे. तें म्हणजे छागल, पाणी नेण्याची चामड्याची पिशवी. चामड्यांतून पाणी किंचित् पाझरे, तें वाऱ्यानें उडून जाई, आणि आंतलें पाणी गार राही. पुढें धातूच्या बाटल्या आल्या, बर्फ आलें, आणि छागलीचें काम संपलें. गॅझेटियरांत गांवाचें नांव आहे, शिवणाराचें नाहीं.

आमच्या चित्रकलेच्या वर्गानें यंदा आवाराची भिंत रंगवावयाचें घेतलें आहे. मुलें म्हणतात, वारलीच काढूं, सोपी आहे. एका मुलीनें मात्र आजीची गोधडी वर्गांत आणली. तिचीं माणसें दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हां तीच गोधडी गाडींत अंथरतात. मधोमध लाल चौकोन, भोंवतीं साड्यांचे तुकडे, आणि कडेपासून आंत वळत गेलेले धांवदोऱ्याचे टांके. हे टांके भिंतीवर कसे उतरवावे, यावर अजून वाद चालू आहे. आजींना विचारून ये, असें तिला सांगितलें आहे.