पुलाचा ‘डिजिटल ट्विन’ म्हणजे काय?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस वाहून गेल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली व नोंदवलेल्या प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक दिला.

डिजिटल ट्विन
ही त्यापुढची पायरी: संगणकावरील पुलाची हुबेहूब प्रतिकृती. पुलावरील सेन्सर कंप, ताण व झुकाव मोजतात. त्यानुसार प्रतिकृती बदलते आणि दुरुस्ती कुठे हवी ते आधी कळू शकते. सेन्सर नसलेल्या ठिकाणचा बिघाड तिच्यात दिसेलच असे नाही. म्हणून प्रत्यक्ष तपासणी आवश्यकच.

आपण काय करावे?
राष्ट्रीय महामार्गावरील पुलाला तडा दिसल्यास १०३३ वर कळवा. पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नका.