आधी पथ्य, मग औषध

कुत्र्याचे पोट बिघडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. उकिरड्यावरचे काहीतरी खाल्ले, दोन दिवस जुलाब झाले आणि स्वारी पुन्हा हुंदडू लागली, हे घरोघरी घडते. पण जुलाब, उलट्या, मंदावलेली भूक आणि घटते वजन हे तीन आठवड्यांहून अधिक टिकले, तर पशुवैद्यक त्याला दीर्घकालीन आंत्रविकार म्हणतात. जंत, स्वादुपिंड, यकृत, मूत्रपिंड यांचे दोष नाहीत, हे आधी तपासावे लागते. उरलेल्या दुखण्याचे प्रकार मात्र कशाने उतार पडतो यावरून ठरवले जातात : आहारबदलाने, प्रतिजैविकाने, की स्टेरॉइडसारख्या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाने. काही कुत्री कशालाच दाद देत नाहीत.

यांतला पहिला गट सर्वांत मोठा. निम्म्याहून अधिक कुत्री केवळ अन्न बदलल्याने सुधारतात आणि फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. त्यासाठी पूर्वी कधी न खाल्लेले प्रथिन देतात. किंवा प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले अन्न देतात, की शरीराच्या संरक्षक पेशींना ते सहसा ओळखता येत नाही.

आपल्याकडे गाडे अडते ते इथेच. पोळी हे काही कुत्र्याचे विष नव्हे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन, तर कुत्र्यांत 4 ते 30 प्रती आढळल्या. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेल्या या प्राण्याने धान्य पचवायची सोय करून घेतली आहे. पण पथ्याच्या काळात आजीने मायेने भरवलेला दूधपोळीचा घास सारी परीक्षा निरर्थक करतो. ‘पथ्य करून पाहिले, गुण आला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि नको असलेले औषध सुरू होते.

त्याची किंमत आतड्यातले जीवाणू मोजतात. त्यांतले काही पित्ताम्लांचे रूपांतर करून आतड्याचा समतोल राखतात. मेट्रोनिडॅझोल हे नित्याचे प्रतिजैविक त्यांनाही मारते आणि औषध थांबल्यावर कित्येक आठवडे घडी बसत नाही. म्हणून आता प्रतिजैविक शक्यतो मागे ठेवावे, असा तज्ज्ञांचा कल आहे.

समन्वित उपचारांना जागा मिळते ती या टप्प्यावर. मोठ्या आतड्याच्या जुलाबांत इसबगोलासारखे तंतू उपयोगी पडतात. रक्तात बी-12 कमी असेल तर ते भरून काढावेच लागते. उपकारक जीवाणूंचा प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही कुत्र्यांना स्टेरॉइड आणि मेट्रोनिडॅझोल, तर काहींना जीवाणूंचे मिश्रण दिले. दोन्ही गटांत सुधारणा झाली. पण कुत्री होती एकूण 20, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करता येत नाहीत. निरोगी कुत्र्याची विष्ठा रोग्याच्या आतड्यात सोडण्याचा उपचारही होतो. ऐकायला किळसवाणा वाटला, तरी चौथ्या शतकातल्या चीनमध्ये गे हाँग या वैद्याने माणसांसाठी असेच काही सुचवले होते.

हळदीचे काय? तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा या विकारातला पुरावा अजून तोकडा आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, ही समजूत तर घातकच : कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. घरचा काढा चालू असेल तर तो पशुवैद्यकापासून लपवू नये; दोन औषधे एकमेकांच्या आड येऊ शकतात.

सगळे उपाय एकाच वेळी सुरू केले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि कुत्रा जन्मभर अनावश्यक गोळ्या गिळत राहतो. उलट रक्तातले अल्ब्युमिन घसरलेले असेल, तर पथ्याच्या भरवशावर थांबणेही जिवावर बेतते. तिथे स्टेरॉइड टाळू नये. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणून काय खाल्ले, शी कशी झाली, वजन किती भरले, याची रोजची वही घरातल्यांनीच ठेवायला हवी. पुढचे औषध ठरवताना डॉक्टरांना तिचाच सर्वांत मोठा आधार असतो.