औषध रक्तात पोहोचलं, पण गाठीत?

आजचा प्रश्न सरळ आहे. लॅबमधल्या प्लेटवर कॅन्सरच्या पेशी पटापट मारणारं औषध सलाइनमधून दिलं, तर गाठ पूर्ण का जात नाही? काही पेशी औषधाला दादच देत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे निव्वळ प्लंबिंग. औषध तिथपर्यंत पोहोचतच नाही.

डॉक्सोरुबिसिन घ्या, किमोमधलं ते लालभडक औषध. योग्य प्रकाश टाकला की ते स्वतःच चमकतं. त्यामुळे टोरांटोच्या इयान टॅनॉक यांच्या टीमला उंदरांच्या गाठींचे पातळ काप करून, औषध कुठवर गेलंय ते मायक्रोस्कोपखाली चक्क पाहता आलं. रक्तवाहिनीपासून ४०-५० मायक्रॉन लांब गेलं की प्रमाण निम्म्यावर! आपला केससुद्धा साधारण याहून जाड असतो. ऑक्सिजन मात्र १०० मायक्रॉनच्याही पुढे झिरपतो. म्हणजे मध्ये असा एक पट्टा उरतो जिथे पेशी जगतायत, पण औषध पुरेसं मिळत नाही. नंतर गाठ पुन्हा वाढू शकते ती इथूनच.

असं का होतं? डिफ्युजनमध्ये अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. शिवाय वाटेतल्या पेशीच औषध शोषून घेतात. पंगतीत जिलबी पहिल्या रांगेतच संपावी, तसं. आणि तिसरी भानगड प्रेशरची. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. गळलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या नीट चालत नाहीत, मग आत दाब वाढतो आणि औषध आत ढकललं जाण्याऐवजी बाहेर रेटलं जातं.

हे गणित मांडण्यात मोठा वाटा राकेश जैन यांचा. आयआयटी कानपूरमधून १९७२ साली केमिकल इंजिनिअरिंगचं बीटेक, नंतर हार्वर्ड. (हो, बीटेकवाले इथेही आहेत!) २००१ मध्ये त्यांनी उलटाच विचार मांडला: गाठीच्या रक्तवाहिन्या नुसत्या तोडू नका, आधी थोड्या दुरुस्त करा, म्हणजे औषध आत जाईल. २००४ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या काही पेशंट्सना बेव्हासिझुमॅब दिल्यावर गाठीतला दाब खरोखर उतरलेला दिसला.

आता लोसार्टन. हो, तीच बीपीची गोळी. गाठीतलं कोलॅजन रक्तवाहिन्या दाबून टाकतं, आणि ते कमी करायला ही गोळी मदत करते असं उंदरांमध्ये दिसलं. २०१९ मध्ये बॉस्टनच्या टीमने स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ४९ पेशंट्सना किमो आणि रेडिएशनसोबत लोसार्टन दिलं. त्यातल्या ३० जणांची गाठ ऑपरेशनमध्ये कडेला कॅन्सर न उरता काढता आली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं गोळीचं की बाकी उपचारांचं, हे या ट्रायलवरून सांगता येत नाही. तेव्हा आजीच्या डब्यातली गोळी कुणाला देऊ नका प्लीज, ऑन्कोलॉजिस्टलाच विचारा.