गाडी खाली घेतली, मग चाकाला जागा किती उरली?

आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस गाडीच्या सस्पेन्शनवर काय बोलणार? पण उभं आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं, आणि ‘कार्यावरून कारणाकडे कसं जावं’ याचं इतकं स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांत सहसा मिळत नाही. शिवाय इथे तर्क चुकला तर परीक्षेतले दोन गुण जात नाहीत, घाटातल्या वळणावर गाडी हातातून जाते. म्हणून हा विषय.

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. “गाडी खाली घेतली, दिसते छान, पण आता फार आदळते.” यातला ‘आदळते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो कार्य सांगतो, कारण सांगत नाही. आणि गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळतं: शॉकअप बदला. आठ-दहा हजारांचे शॉकअप बसतात, गाडी आदळतच राहते. असं का होतं?

आधी प्रवास म्हणजे काय ते बघू. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाक तिच्या मधल्या स्थितीत असतं. खड्ड्याच्या कडेवर किंवा गतिरोधकावर ते गाडीच्या अंगात वर जातं. खड्ड्यात पडताना खाली लोंबतं. या दोन्ही हालचाली मिळून सस्पेन्शनचा प्रवास. वरच्या प्रवासाच्या टोकाला शॉकअपच्या दांड्यावर एक रबराचा किंवा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा ठोकळा असतो. त्याला बम्प स्टॉप म्हणतात. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो असतो.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा, मूळ उंचीवर चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. त्यातले शेवटचे ३० मिलिमीटर बम्प स्टॉप दाबला जाण्याचे. म्हणजे मोकळी जागा ५०. तुम्ही गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. लोक म्हणतात, “निम्मी जागा गेली, निम्मी राहिली.” नाही. मोकळ्या पन्नासातले चाळीस गेले, दहा राहिले. पाचवा हिस्सा! आता बारीक उंचवट्यावरसुद्धा चाक रबरावर जाऊन बसतं. मागे दोन माणसं बसली की गाडी उभ्या जागीच रबरावर टेकलेली असू शकते.

“पण मी कडक स्प्रिंग टाकली आहे,” असं कुणी म्हणेल. त्याचंही गणित साधं आहे. स्प्रिंग दाबायला लागणारं बल दाबाच्या प्रमाणात वाढतं, हा रॉबर्ट हूकचा नियम. त्याने तो १६७८ मध्ये छापून प्रसिद्ध केला. त्यावरून असं निघतं की स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर निम्मं केलंत आणि तोच धक्का झेलायचा असेल, तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक लागते. चौपट कडक स्प्रिंग टाकली की गाडीची स्वाभाविक कंपनसंख्या दुप्पट होते, आणि शहरात वापरायची गाडी शर्यतीच्या गाडीसारखी बसते. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग इतक्या कडक नसतात. उरलेली ऊर्जा कुठे जाणार? रबरात, आणि रबर संपलं की सांगाड्यात.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक कापला तर ती सहा भागिले पाच, म्हणजे फक्त वीस टक्के कडक होते. जागा गेली चाळीस मिलिमीटर, भरपाई मिळाली वीस टक्के. वर कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. आणि गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणं तर कधीच करू नये. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, मग ती बसतच जाते.

आता मुख्य प्रश्न. प्रवास नेमका कोण अडवतंय? इथे न्यायशास्त्राची एक जुनी शिकवण कामाला येते. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. नैयायिक या ओल्या सरपणाला ‘उपाधी’ म्हणतात. व्याप्ती उलटी वाचली की अनुमान फसतं. आपल्याकडे तेच घडतं. शॉकअप गेला की गाडी आदळते, हे खरं. म्हणून गाडी आदळते म्हणजे शॉकअपच गेला, हे खरं नाही. त्याच कार्याची निदान पाच कारणं आहेत. एकेक घेऊ.

पहिलं, बम्प स्टॉप लवकर लागणं. आवाज धप्प असा, बोथट. गाडी बारीक बारीक उड्या मारत चालते. स्टॉपच्या तोंडावर दाबल्याच्या, चुरल्याच्या खुणा दिसतात.

दुसरं, शॉकअपचा दांडा आतून तळाला लागणं. मूळ शॉकअपची नळी मूळ उंचीसाठी केलेली असते. गाडी खाली आली की आतला पिस्टन कायम तळाजवळ राहतो. बम्प स्टॉप कापून किंवा काढून टाकला असेल तर पिस्टन थेट खालच्या व्हॉल्व्हवर आपटतो. आवाज धातूचा, खणखणीत. काही दिवसांत तेल गळू लागतं. अशा वेळी त्याच मापाचा नवा शॉकअप टाकला तर तोही त्याच वाटेने जातो. आखूड नळीचा शॉकअप हा खरा उपाय.

तिसरं, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकणं. एकूण वेढे गुणिले तारेची जाडी, एवढी स्प्रिंगची किमान उंची. सात वेढे, बारा मिलिमीटर तार, तर सुमारे ८४ मिलिमीटर. त्याच्या खाली ती दबणारच नाही. वेढ्यांवरचा रंग जिथे घासून चकचकीत झालेला दिसेल तिथे ते टेकतात असं समजावं.

चौथं, दुसरंच काहीतरी मध्ये येणं. टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला लागतो, अँटिरोल बार किंवा त्याची लिंक सांगाड्याला लागते. हे अनेकदा फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना किंवा गाडी भरलेली असतानाच होतं. म्हणून रिकामी गाडी सरळ उभी करून बघितली तर सापडत नाही.

पाचवं कारण सगळ्यात दुर्लक्षित, आणि त्याचा इलाज जवळजवळ फुकट. खालच्या आर्मच्या बुशमधलं रबर बहुतेक गाड्यांत आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. मेकॅनिकने गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर रबराची शांत स्थिती ती लोंबकळलेली ठरते. गाडी जमिनीवर आली की बुश कायम पिळलेलं. ते जादा स्प्रिंगसारखं वागतं, गाडी अगदी छोट्या हालचालीलाही ताठ वाटते, कुरकुरते, आणि शेवटी रबर फाटतं. उपाय काय? बोल्ट सैल करायचे, चाकांवर गाडीचं वजन आणायचं, गाडी दाबून हलवून बसू द्यायची आणि त्याच उंचीवर कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळायचे.

आता तपासायचं कसं? नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक इथे पुरतो. कारण असलं की कार्य असतं, हा अन्वय. कारण काढलं की कार्य जातं, हा व्यतिरेक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंग, शॉकअप आणि टायर एकाच दिवशी बदलले तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, बिघडली तरी कळत नाही. आणि क्रम असा ठेवावा की स्वस्त आणि परत फिरवता येणाऱ्या तपासण्या आधी.

पहिली तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा. धुळीचं रबरी कव्हर वर सरकवा आणि शॉकअपच्या नळीचं तोंड ते बम्प स्टॉप हे अंतर मोजा. मोजमाप रिकाम्या गाडीत एकदा, माणसं बसवून एकदा. अंतर शून्य असेल तर पुढे शोधायची गरजच नाही.

दुसरी. वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, झिप टाय, दांड्याभोवती नळीच्या तोंडाला टेकवून हलकी बांधा. नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारून या. नळी वर जाताना पट्टीला ढकलते आणि पट्टी तिथेच राहते. परत आल्यावर पट्टी ते नळी हे अंतर म्हणजे वापरला गेलेला जास्तीत जास्त प्रवास. पट्टी बम्प स्टॉपला चिकटली असेल तर रबर लागतंय. आणि गाडी आदळली पण पट्टी स्टॉपपासून लांबच थांबली असेल, तर रबर निर्दोष. मग वेढे, टायर, किंवा शॉकअपचा तळ यांची चौकशी करा. शॉकअप उभा आहे की तिरका, आर्मवर कुठे बसवला आहे, त्यावर शॉकअपचा एक मिलिमीटर म्हणजे चाकाचे किती ते ठरतं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये दोन्ही जवळपास सारखे, डबल विशबोनमध्ये चाक बरंच जास्त हलतं.

तिसरी तपासणी निर्णायक आहे, पण ती जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. गाडी स्टँडवर ठेवायची, स्प्रिंग काढायची, शॉकअप आणि बम्प स्टॉप परत बसवायचे, आणि आर्मखाली जॅक लावून चाक हळूहळू वर न्यायचं. कोण आधी अडवतं ते डोळ्यांनी दिसतं. नियम एकच: सर्वांत आधी रबर लागलं पाहिजे, लोखंडाला लोखंड आणि टायरला पत्रा कधीच लागता कामा नये. वेढ्यांचा हिशेब मात्र इथे कागदावर करावा लागतो, कारण स्प्रिंग जागेवर नसते. आणि स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर हवाच. २५ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग १२० मिलिमीटर दाबलेली असेल तर तिच्यात १८० जूल ऊर्जा असते. अठरा किलोचं वजन एक मीटरवरून पडावं, तेवढी. ती तोंडासमोर सुटू नये.

हे सगळं आरामापुरतं असतं तर मी इतका वेळ घेतला नसता. वळणावर बाहेरच्या बाजूची चाकं दाबली जातात. मोकळा प्रवास संपून रबर लागलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, त्या चाकावरचा भार उसळतो आणि पकड सुटते. हे पुढे झालं तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागे झालं तर शेपूट सुटतं. ब्रेक मारताना पुढची बाजू आधीच दबलेली असते. त्यात खड्डा आला तर चाक उडी मारतं, आणि हवेतलं चाक ब्रेक लावत नाही. शिवाय मॅकफर्सन पद्धतीत गाडी फार खाली घेतली की खालचे आर्म चाकाकडे वर चढू लागतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, पण जिच्याभोवती ती कलते तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो. त्यामुळे कलायला लागणारी तरफ उलट वाढते. खाली घेतलेली गाडी कमी कलते, हे म्हणून दर वेळी खरं नसतं.

गतिरोधकांबद्दल दोन शब्द. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्रिज्या १७ मीटर. अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस असलेली गाडी त्यावर चढली की पोटाखालची जागा साधारण पंचेचाळीस मिलिमीटरने कमी होते, इतकंच. पण गल्लीत हातभर रुंदीचा, वीतभर उंच डांबराचा ढीग घातलेला असतो. तिथे त्याची सगळी उंची पोटाखाली येते. गाडी किती खाली घ्यायची हे फोटोवरून ठरवू नये, आपल्या रोजच्या रस्त्यावरून ठरवावं. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय: “सर, बम्प स्टॉप काढून टाकला तर जागा वाढेल ना?” वाढेल, कागदावर. पण स्टॉप काढल्याने अडथळा जात नाही. मऊ अडथळ्याच्या जागी टणक अडथळा येतो. काही लोअरिंग स्प्रिंगसोबत स्टॉप ठरावीक मापाने कापायची सूचना येते. तेवढाच कापावा, तोही आखूड शॉकअप असेल तर.

दुसरा प्रश्न: “कॉइलओव्हर आहेत. स्प्रिंगखालची रिंग फिरवून खाली घेतली, प्रवास कमी झाला. काय करावं?” रिंगने गाडी खाली आली की शॉकअपचा दांडा तेवढाच आत गेला, म्हणजे वरचा प्रवास तेवढाच गेला. तुमच्या कॉइलओव्हरची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरत असेल तर उंची तिथे बदला. शॉकअपमधला प्रवास शाबूत राहतो. मात्र मग टायर पत्र्याला लागतो का, ते जॅक लावून परत बघा. आणि रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होते हा समज सोडून द्या. साध्या स्प्रिंगचा कडकपणा तार, वेढे आणि व्यास ठरवतात. रिंगने फक्त उंची बदलते.

ज्यांची गाडी आधीच खाली आहे त्यांनी या आठवड्यात एवढं करावं: दहा रुपयांची पट्टी बांधून एक फेरी मारावी, मोजमाप वहीत लिहावं, आणि ते घेऊन गॅरेजमध्ये जावं. “आदळते” असं सांगण्यापेक्षा “मोकळी जागा दहा मिलिमीटर उरली आहे” असं सांगितलं की मेकॅनिकही वेगळं उत्तर देतो. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासून घ्यायला विसरू नका.